बाबासाहेबांचे २२ खंड: विकत काय घ्यावे, उतरवून काय घ्यावे, आणि ठेच कुठे लागते

खंड २२ आहेत म्हणून कपाटात २२ पुस्तकांची जागा काढली तर ती पुरत नाही. महाराष्ट्र शासनाच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : लेखन आणि भाषणे’ या मालिकेतला १४ वा खंड (हिंदू कोड बिल) दोन भागांत आहे, १७ वा तीन भागांत आणि १८ वाही तीन भागांत. म्हणजे पुरवणी सोडून २७ पुस्तके, आणि त्यातला घटना समितीचा १३ वा खंड एकटाच हजारावर पानांचा. बारक्या फळीवर हे ओझे ठेवले की वर्षभरात फळी मधोमध झोळ खाते. विहारात किंवा अभ्यास मंडळात संच ठेवायचा असेल तर १९ मिलिमीटरची फळी आणि दर दोन-अडीच फुटांवर आधार, तयारी इथून करावी.

मत आधीच सांगून टाकू. माल अव्वल आहे, त्याला पर्याय नाही. सेवा मात्र कुठे उत्तम, कुठे रडकी. इंग्रजीतले १ ते १७ खंड कुणालाही फुकट उतरवून घेता येतात आणि त्यात शब्दही शोधता येतो. पण जे बाबासाहेबांनी मराठीत लिहिले आणि मराठीत बोलले, ते मिळवायला आणि मिळाल्यावर त्यात काही शोधायला घाम गाळावा लागतो. मराठी वाचकाच्या वाट्याला आलेली ही उलटी गंगा आहे, आणि खालचा बराचसा मजकूर ती सरळ कशी करून घ्यायची याबद्दलच आहे.

आधी हा माल आला कुठून ते थोडक्यात, कारण संचातल्या बऱ्याच त्रुटींचे मूळ तिथे आहे. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत २६, अलीपूर रोडच्या घरी बाबासाहेबांचे निधन झाले तेव्हा कितीतरी हस्तलिखिते अर्धवट होती. कागदपत्रे कोर्टकचेरीत अडकली. १९६७ मध्ये त्या घरातले सामान बाहेर काढले गेले, कागद उघड्यावर पडले आणि त्यातले काही पावसात गेले ते कायमचे गेले. उरलेले लोखंडी पेट्यांमधून पुढे शासनाच्या हाती आले. १९७६ मध्ये चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली गेली आणि १४ एप्रिल १९७९ ला पहिला खंड निघाला. वसंत मून यांनी पुढची दोन दशके हे काम ओढून नेले.

याचा वाचकाला उपयोग काय? ३ऱ्या, ४थ्या, ५व्या आणि १२व्या खंडांतला मोठा भाग लेखकाने स्वतः छापायला दिलेला नाही. टंकलिखित पाने, त्यावर हाताने केलेल्या दुरुस्त्या, एकाच प्रकरणाच्या दोन-दोन प्रती, मधली गायब पाने, यातून तो उभा केला आहे. ३ऱ्या खंडात प्रकरणाच्या आधी संपादकांची बारीक टाइपातली टीप असते: मूळ कागद कोणत्या अवस्थेत सापडला, कुठे तुटतो. ही टीप लोक सर्रास ओलांडून जातात. मग ‘बाबासाहेबांनी इथे विषय अचानक का सोडला’ यावर तासभर चर्चा रंगते, आणि उत्तर टीपेत असते: पुढची पाने सापडली नाहीत. उलट १ल्या, ६व्या, ७व्या, ८व्या आणि ९व्या खंडांतली पुस्तके मुख्यतः त्यांनी हयातीत स्वतः प्रसिद्ध केलेली. दोन्हींकडे एकाच नजरेने पाहू नये.

आता मानवी हक्क. या एका विषयासाठी संच घेणाऱ्याला विक्रेता बहुधा १७ व्या खंडाचा पहिला भाग काढून देतो, कारण त्याच्या नावातच मानवी हक्कांचा लढा आहे. भाग चांगलाच आहे. मार्च १९२७ पासून घटना कालक्रमाने लावल्या आहेत आणि महाडच्या प्रकरणाचा मथळाच सांगतो की सत्याग्रह पाण्यासाठी नव्हता, मानवी हक्क प्रस्थापित करण्यासाठी होता. चवदार तळे, २५ डिसेंबर १९२७ ची परिषद, मनुस्मृतीचे दहन, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह असा सगळा पट इथे सलग मिळतो. पण हा भाग प्रामुख्याने बातम्या, पत्रके, कागदपत्रे यांचा आहे. हक्कांची मांडणी कशी घडत गेली ते बघायचे तर तीन खंड उघडे ठेवून बसावे लागते.

एक धागा ओढून दाखवतो. सामाजिक बहिष्काराचा. गावाने एखाद्याला किराणा द्यायचा नाही, कामावर बोलवायचे नाही, पाणवठा बंद करायचा, म्हणजे कायद्याने दिलेला हक्क कागदावरच राहतो. गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचे दुसरे प्रतिनिधी रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासोबत दिलेल्या संरक्षण योजनेत बाबासाहेबांनी समान नागरिकत्वाची मागणी केली आणि तिथेच न थांबता बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवणारी कलमे जोडली. त्यासाठी नमुना घेतला ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. हे २ऱ्या खंडात. मग १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये, म्हणजे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी केलेल्या निवेदनात, तोच बहिष्काराचा मुद्दा मूलभूत हक्कांच्या मसुद्याशेजारी येतो. हे १ल्या खंडात, शेवटाकडे. आणि हक्क मोडला तर दाद कुठे मागायची या प्रश्नाचे उत्तर १३व्या खंडात: ९ डिसेंबर १९४८ चे भाषण, ज्यात घटनात्मक उपायाच्या कलमाला, आजच्या ३२ व्या कलमाला, ते राज्यघटनेचा आत्मा म्हणतात. २, १, १३ या क्रमाने वाचले की १९३० ची मागणी आणि १९४८ चे कलम यांच्यातला दुवा डोळ्यांना दिसतो. खंडाच्या मागची सूची मात्र त्या खंडापुरती असल्यामुळे हा प्रवास ती दाखवत नाही. तो वहीत स्वतः मांडावा लागतो. अभ्यास मंडळात प्रत्येकाने एक शब्द वाटून घेतला, ‘बहिष्कार’, ‘पाणवठा’, ‘मताधिकार’, ‘जमीन’, आणि खंड-पान-तारीख असे तीन रकाने केले तर महिन्याभरात कुठल्याही छापील सूचीपेक्षा कामाचे टाचण होते.

शोधाचे शब्द निवडताना एक चूक हमखास होते. इंग्रजी पीडीएफमध्ये ‘ह्यूमन राइट्स’ टाकून शोधले की हाती फारसे लागत नाही आणि माणूस समजतो की या खंडात विषयच नाही. तो शब्दप्रयोग संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यानंतर रुळला. त्याआधीच्या मजकुरात ‘फंडामेंटल राइट्स’, ‘सिव्हिक राइट्स’, ‘इक्वल सिटिझनशिप’ शोधावे. जुलै १९४२ मध्ये नागपुरात झालेल्या परिषदेच्या भाषणाचा शेवट हा तर मानवी हक्कांवरचा त्यांचा सगळ्यात नेमका उद्गार म्हणावा असा, पण तिथे शब्द आहेत ‘ह्यूमन पर्सनॅलिटी’: ही लढाई संपत्तीसाठी किंवा सत्तेसाठी नाही, माणूसपण परत मिळवण्यासाठी आहे. मराठीत शोधताना ‘माणुसकी’ आणि ‘माणुसकीचे हक्क’ हे शब्द घ्यावेत. तसेच समाजाचे नाव काळाप्रमाणे बदलते: १९२० च्या दशकात आणि गोलमेज परिषदेच्या काळात ‘डिप्रेस्ड क्लासेस’, १९३५ च्या कायद्यानंतर ‘शेड्यूल्ड कास्ट्स’, पुस्तकांत ‘अनटचेबल्स’, मराठीत ‘अस्पृश्य’, ‘बहिष्कृत’, ‘दलित’. चार-पाच शब्दांनी चाळल्याशिवाय ‘सापडत नाही’ म्हणू नये.

कुणी विचारले की सगळा संच नको, सुरुवात कशाने करू, तर उत्तर १२ वा खंड, आणि त्यातही ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. मोजकी वीसेक पाने. लहानपणी मसूर स्टेशनवरून गोरेगावला जाताना बैलगाडीवाल्याने नाकारलेली भावंडे, बडोद्यातल्या पारशी सराईतून बाहेर काढले जाणे, चाळीसगावचा टांगा, दौलताबादच्या किल्ल्यावरचा पाण्याचा हौद. हक्क नाकारला जातो म्हणजे नेमके काय होते, हे कलमांच्या भाषेआधी इथे समजते. त्यानंतर १ला खंड. या दोघांनंतर पुढचा रस्ता आपोआप सापडतो. १६वा, पाली व्याकरण आणि कोशाचा खंड, सोळाव्या नंबरला आहे म्हणून सोळावा वाचायची गरज नाही. पाली शिकणाऱ्याला तो लागतो, इतरांनी खुशाल मागे ठेवावा. ११ व्या खंडाला (‘बुद्ध अँड हिज धम्म’) स्वतंत्र पुरवणी आहे, तीत मजकुराचे पाली आणि इतर आधार लावून दिले आहेत. ११ वा घेताना ती मागून घ्यायला विसरू नये. दुकानात ती खंडासोबत ठेवलेली नसते.

खरेदीकडे वळू. अधिकृत ठिकाण म्हणजे शासकीय ग्रंथागार: मुंबईत चर्नी रोड, शिवाय पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. शासकीय किंमत बाजारभावाच्या मानाने नगण्य. अडचण किमतीची नाही, साठ्याची. एखादा खंड संपला की पुनर्मुद्रणाला किती वेळ लागेल याचा नेम नसतो. हे इतके हाताबाहेर गेले की डिसेंबर २०२१ मध्ये वर्तमानपत्रातल्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ९ लाख प्रती छापायचे ठरले होते, त्यासाठी ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतलेला होता, आणि छापून झाल्या होत्या ३३ हजार. कागद गोदामात पडून आणि वाचक रांगेत. त्यामुळे सल्ला साधा: संच एकदम मिळेल या आशेवर थांबू नये. जो खंड दिसेल तो उचलावा, यादीवर खूण करावी, आणि ग्रंथागारात जाण्याआधी फोन करून कोणते खंड शिल्लक आहेत ते विचारावे.

दुसरी बाजारपेठ म्हणजे ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कचे आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीचे स्टॉल. वर्षभर न दिसलेले खंड तिथे दिसतात. पण तिथे शासकीय आवृत्तीच्या शेजारी तिची झेरॉक्स-छाप नक्कलही असते. ओळखायची कशी? पाने प्रकाशात धरा. नकलेत अक्षराच्या कडा फुगलेल्या असतात, अ-चे काने आणि इंग्रजी ई-ची पोकळी भरलेली असते, आणि आतली समासाची बाजू कण्यात गेलेली असते. बांधणी शिवणीची आहे की नुसती डिंकाची, हे कण्याच्या वरच्या टोकाकडून बघितले की कळते: शिवणीत फर्म्यांच्या (एकत्र घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांच्या) घड्या वेगवेगळ्या दिसतात, डिंकाच्या बांधणीत एक सपाट रेघ. हजार पानांचे पुस्तक डिंकावर टिकत नाही. दोनदा उताणे ठेवले की मधून फुटते.

अस्सल प्रत घेतानाही पैसे देण्याआधी पाच मिनिटे खर्च करावीत. छपाई फर्म्यांनी होते, एक फर्मा बहुधा १६ पानांचा. बांधताना एखादा फर्मा सुटतो, दोनदा लागतो किंवा उलटा बसतो. म्हणून पानांक दर १६ पानांनी तपासा: १, १७, ३३, ४९. जाड खंडात हे कंटाळवाणे वाटते, पण घरी गेल्यावर ४४८ नंतर ४६५ निघाले तर बदलून मिळण्याची खात्री नाही. ४था खंड (‘रिडल्स इन हिंदुइझम’) घेताना शेवटचे परिशिष्ट, राम आणि कृष्णाविषयीचे, आहे ना ते पाहा. १९८७ मध्ये हा खंड निघाल्यावर याच परिशिष्टावरून मोर्चे आणि प्रतिमोर्चे निघाले. शेवटी ते राहिले, पण प्रकरणातल्या मतांशी शासन सहमत नाही, अशी तळटीप घेऊन. लेखकाच्या मजकुरापासून प्रकाशकाने असे अंतर राखले. ती टीपही आता त्या दस्तऐवजाचा भाग झाली आहे.

पैसे न खर्चता वाचायचे तर परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर इंग्रजी १ ते १७ खंडांच्या पीडीएफ आहेत. दिल्लीच्या डॉ. आंबेडकर प्रतिष्ठानने जानेवारी २०१४ मध्ये केलेले हे पुनर्मुद्रण. मोबाइलवर वाचायला पीडीएफ जड जाते. टॅब्लेट किंवा संगणक बरा. तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, पीडीएफचा पानांक आणि छापील पानांक वेगळे. सुरुवातीची पाने वेगळ्या अंकांत मोजलेली असतात, म्हणून प्रत्येक खंडासाठी फरक एकदा काढून पहिल्या पानावर लिहून ठेवावा आणि संदर्भ देताना नेहमी छापील पान द्यावे. दुसरी, ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द शोधात सापडत नाही. लांब शब्दाचा अर्धाच भाग शोधला तर हा घोटाळा टळतो. तिसरी, संदर्भात आवृत्तीचे साल लिहा. १९७९ ची आणि २०१४ ची पाने तंतोतंत जुळतील असे धरून चालू नये.

हिंदी संचाबाबत खास इशारा. प्रतिष्ठानचे हिंदी ‘संपूर्ण वाङ्मय’ हा चांगला आणि स्वस्त पर्याय आहे, पण त्याचे खंड क्रमांक इंग्रजीशी जुळत नाहीत. इंग्रजीतला ८ वा खंड पाकिस्तानवरचा, हिंदीतला ८ वा ‘रिडल्स’चा. भाषणात ‘खंड आठ’ एवढेच म्हणून सोडून देणारा वक्ता श्रोत्यांना चुकीच्या कपाटाकडे पाठवतो.

आणि आता मराठी, जिथे खरी कसोटी आहे. १८ ते २० हे खंड मराठी मजकुराचे. १८ व्याच्या तीन भागांत भाषणे कालक्रमाने आहेत. याशिवाय १९९० मध्ये शासनाने ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचा स्वतंत्र ग्रंथ काढला. तो जुन्या पुस्तकांच्या दुकानात दिसला तर भाव न करता घ्यावा. ३१ जानेवारी १९२० चा ‘मूकनायक’, ‘काय करूं आतां धरूनियां भीड’ हा तुकोबांचा अभंग शिरावर घेऊन निघालेला, आणि ३ एप्रिल १९२७ चा ‘बहिष्कृत भारत’, यांतली अग्रलेखांची मराठी इंग्रजी खंडांतून समजणारच नाही. ती खट्याळ आहे, शेलकी आहे, समोरच्याला त्याच्याच शास्त्राच्या कचाट्यात पकडणारी आहे. लेखांना बहुतेकदा सही नसते, आणि ‘मूकनायक’वर संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. म्हणून एखादे स्फुट बाबासाहेबांच्या नावे उद्धृत करण्याआधी संपादकांनी ते कशाच्या आधारे त्यांचे मानले आहे, ते पाहावे.

मराठी खंडांच्या पीडीएफ इकडे-तिकडे फिरतात त्या बहुतेक नुसती छायाचित्रे असतात. त्यांत शब्द शोधता येत नाही. काही ठिकाणी मजकूर निवडता येतो पण चिकटवल्यावर कचरा निघतो, कारण तो जुन्या फॉन्टमध्ये बसवलेला असतो, युनिकोडमध्ये नव्हे. स्वतः ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून शोधता येईल असा मजकूर करणे) करायचे असेल तर टेसरॅक्ट या प्रोग्रॅमचे मराठी मॉडेल फुकट आहे आणि पुरेसे आहे, फक्त पोटात काय घालतो त्यावर सगळे अवलंबून. स्कॅन ३०० डीपीआयच्या (दर इंचाला ३०० ठिपके) खाली नको. वर्तमानपत्राच्या बारीक टाइपाला ४०० घ्या. काळे-पांढरे नको, करड्या छटांत ठेवा. आणि डाग काढणारे फिल्टर बंद. ते देवनागरीचे शत्रू आहेत. त्यांना कागदावरची माशीची विष्ठा आणि अनुस्वार यांत फरक कळत नाही, दोन्ही पुसतात. मग ‘बंद’चे ‘बद’ होते आणि ‘संघ’चे ‘सघ’.

ओसीआर बिनचूक झाले तरी शोध फसतो, त्याला कारण जुने शुद्धलेखन. १९६२ च्या नियमांआधीच्या मजकुरात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘आम्हांला’, ‘करूं’ असे अनुच्चारित अनुस्वार आहेत. आपण ‘नाही’ टाकतो आणि यंत्र ‘नाहीं’कडे पाहतही नाही, किंवा पाहते ते साधनानुसार. उपाय असा: मूळ मजकुराची फाइल जशीच्या तशी ठेवायची, तिला हात लावायचा नाही. तिची एक प्रत काढून त्यातले सगळे अनुस्वार आणि चंद्रबिंदू काढून टाकायचे, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या-उकार एकसारखे करायचे, आणि शोध त्या प्रतीत घ्यायचा. शोधशब्दालाही तोच संस्कार. सापडले की पान-ओळ बघून मूळ फाइलमधून उद्धृत करायचे. आणखी एक न दिसणारी फट: ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिला जातो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि यंत्राला मात्र वेगळे. शोधाआधी एकाच पद्धतीत बदलून घ्यावेत, नाहीतर ‘शेतकऱ्यांचे हक्क’ अर्धेच सापडतात. काही मंडळे सगळा मजकूर आजच्या शुद्धलेखनात बदलून टाकतात आणि मूळ फेकून देतात. कृपा करून हे करू नये. शुद्धलेखन हा काळाचा पुरावा आहे.

या सगळ्या खटाटोपाचा रोजचा उपयोग कुठे होतो? मोबाइलवर येणाऱ्या सुविचारांना गाळण लावण्यात. सगळ्यात प्रसिद्ध घोषणाच घ्या. मराठीत ती ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ अशी भिंतीभिंतीवर आहे. १७ व्या खंडाच्या तिसऱ्या भागात, नागपूरच्या त्याच १९४२ च्या भाषणाच्या इंग्रजी पाठात, क्रम आहे ‘एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज’. म्हणजे शिक्षणानंतर आधी चळवळ, मग संघटना. क्रमावरून पुढे अर्थाचे इमले बांधायचे असतील तर कोणता पाठ समोर आहे ते सांगणे भाग आहे. आणि १७/३ मधली बरीच भाषणे मुळात मराठीत झालेली, इंग्रजी वृत्तपत्रांच्या वृत्तांतातून आलेली. त्यांचे परत मराठी करणे म्हणजे सावलीचे चित्र काढणे. आधी १८ व्या खंडात त्या तारखेचे मराठी भाषण आहे का ते पाहा. तारीख हाच दोन्हींना जोडणारा दुवा, मथळा नव्हे, कारण मथळे संपादकांचे असतात आणि दोन खंडांत वेगळे असतात. ज्या वाक्याला खंड, पान, तारीख यांतले काहीच लावता येत नाही, ते कितीही सुंदर असले तरी बॅनरवर बाबासाहेबांच्या सहीने छापू नये.

छापणे आणि वाटणे याला कायदा आड येतो का? हा प्रश्न नेहमी येतो आणि उत्तर नेहमी अर्धे मिळते. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे या नियमाने, हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके १ जानेवारी २०१७ पासून सर्वांना खुली झाली. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ कुणीही छापू शकतो. पण कॉपीराइट कायद्याचे २४ वे कलम मरणोत्तर प्रकाशनाला वेगळे मोजते: पहिल्या प्रकाशनापासून ६० वर्षे. म्हणजे १९८७ मध्ये पहिल्यांदा छापलेल्या ‘रिडल्स’ची मुदत २०४७ अखेर संपते. लोखंडी पेट्यांतून निघालेल्या बाकीच्या अप्रकाशित साहित्याचेही असेच गणित. अनुवादाचा हक्क अनुवादकाचा, टिपांचा हक्क टीपाकाराचा, तो आणखी वेगळा. अभ्यासासाठी उतारा देणे यात बसते, पूर्ण ग्रंथ पुन्हा छापून विकणे बसत नाही.

काम कसे करता येते याचे नमुने पाहायचे तर दोन दाखले. कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’: लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि न झालेले १९३६ चे भाषण, १९३७ ची आवृत्ती, १९४४ ची आवृत्ती, यांत काय बदलले ते तिथे वाचकाला दिसते. १ल्या खंडात शेवटचा पाठ मिळतो, वाट मिळत नाही. दुसरा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या ड्यू बॉइस संग्रहातले एक पत्र. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिले की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचले, अस्पृश्यही तसे करण्याच्या विचारात आहेत, तर त्या अर्जाच्या प्रती मिळतील का. मानवी हक्कांच्या इतिहासातला इतका मोलाचा कागद, आणि जगातून कुणीही तो थेट उघडू शकतो: मूळ पत्राचे छायाचित्र, तारीख, कुणाकडून-कुणाला, आणि त्या एका पत्रापुरता कायमचा पत्ता. आपल्याकडे २१ व्या खंडात पत्रव्यवहार आहे, पण एखाद्याच पत्राकडे बोट दाखवायचे तर ‘अमुक खंड, तमुक पान’ म्हणून थांबावे लागते. पुढच्या आवृत्तीला पैसे मिळतील तेव्हा कागदाआधी यावर खर्च व्हावा.

शेवटी, ज्यांच्या घरी ट्रंकेत ‘जनता’ किंवा ‘प्रबुद्ध भारत’ या बाबासाहेबांच्या पत्रांचे जुने अंक आहेत त्यांच्यासाठी, कारण छापील संच तयार झाला तो अशाच घरांमधून आलेल्या कागदांच्या मदतीने. जुना वृत्तपत्री कागद आम्लामुळे आतून जळत असतो. लॅमिनेशन करू नका, ते उष्णतेने चिकटवले जाते आणि पुन्हा निघत नाही. सेलोटेप लावू नका, दहा वर्षांत त्याचा पिवळा पट्टा अक्षरे खातो. घडी उलगडताना तुटत असेल तर जबरदस्ती नको. तज्ज्ञ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीने सांधतात, ते काम त्यांच्यावर सोडा. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकवून ठेवू नयेत, कसर लागू नये म्हणून पेटी कोरडी आणि भिंतीपासून लांब ठेवावी, मुंबई-कोकणात पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहावे. फोटो काढताना अंक सपाट, कॅमेरा बरोबर डोक्यावर, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड, फ्लॅश बंद. फक्त बाबासाहेबांचा लेख नको, पूर्ण पान घ्या, जाहिरातींसकट, कारण तारीख पुष्कळदा तिथूनच ठरते. फाइलचे नाव नियतकालिक-वर्ष-महिना-दिवस-पान या क्रमाने द्या म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावी. आणि मूळ अंकासोबत एक चिठ्ठी ठेवा: अंक कुणाच्या घरचा, कधी मिळाला, कोणती पाने नाहीत. शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई शेजारच्या पानावर उतरू शकते.